श्वास कुठे घेतला

२ नोव्हेंबर, रविवार

कळमेश्वरला तिसरा रविवार. दिलीपच्या कारखान्यात रविवारीच जमावं लागतं, बाकी सहा दिवस तिथे फोम कापायची मशिनं चालू असतात. ऑफिसच्या खोलीला त्याने आतून त्याच फोमच्या लाद्या लावल्यात. आत शिरलं की आपलाच आवाज कानाजवळ येऊन बसतो, पुढे जात नाही.

सदतीस वर्षांनी आम्ही ‘शेहेचाळीस’वाले पुन्हा एका खोलीत, अल्बम करायला. पहिली प्रॅक्टिस शेहेचाळीस डिग्रीत झाली म्हणून बँडचं ते नाव. तेव्हा चौघं होतो, आता तिघं. मी कीबोर्डवर. मिलिंदची तीच काळी पेटी, कडी तुटलेली, सुतळीने बांधलेली, आत तोच सॅक्सोफोन. दि.ने गिटार आणलीच नाही. दोन लॅपटॉप आणि चौकोनी बटणांची एक पाटी. फ्रेडी आणि त्याचे ड्रम्स गेले, त्याच्या जागी कॉम्प्युटर. हेडफोनमध्ये टिक टिक टिक टिक.

मि.ने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. “हे काय टकटक करून राहिलं कानात?”

दि. : “क्लिक आहे यार. त्याच्यावर वाजवायचं. नाहीतर माझे सगळे लेअर सटकतात.”

“म्हंजे फ्रेडी मेला तं आता घड्याळासंगं वाजवाचं?”

हसलो. पण वाजवताना तिघंही अवघडलेले.

आम्ही कधी मोजून सुरू केलंच नव्हतं. मि.चे वडील, आबा, वरातीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. फटाक्यांत मोजलेलं कोणाला ऐकू येणार, म्हणून ते सगळ्यांना सांगायचे, खांदे बघा. खांदे वर म्हणजे श्वास भरला, खाली यायला लागले की सुरू. मि.ने तेच आम्हाला शिकवलं. मी तेवीस वर्षांची, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेसच्या मेट्रोनोमखाली वाढलेली, कागदावरून डोळे न काढणारी. पहिल्याच दिवशी म्हणाला होता, “कागद नको पाहू वं. खांदे पाहा.”

आज पाहिले. वर जातात, पण पूर्वीसारखे नाही. अर्ध्यात अडकल्यासारखे.


५ नोव्हें.

दि.ने नवीन ट्रॅकचा सांगाडा फोनवर पाठवला. फोम कापायच्या मशीनचा आवाज रेकॉर्ड करून, सावकाश करून, त्याचा खालचा स्वर केलाय. त्यावर कुठूनतरी रुळांचा खडखडाट. तीनदा ऐकला. नावं ठेवायची म्हणून बसले होते, ठेवता येईनात. छान आहे. काहीतरी मोठं, झोपलेलं, कूस बदलतंय असं वाटतं.

नाव आमचं जुनंच : ‘अजनी यार्ड’.


९ नोव्हें., रविवार

नको होतं तेच झालं.

‘अजनी यार्ड’चा जीव म्हणजे मधली लांब ओळ. यार्डातून एक इंजिन सुटतं आणि जातच राहतं, तशी. ती मि.ची. १९८८च्या गॅदरिंगला ती संपली तेव्हा हॉलमध्ये आधी कोणी टाळी वाजवली नव्हती, आणि मग सगळ्यांनी.

आज तिसऱ्या वळणावर आवाज फाटला. पुन्हा. पुन्हा. चौथ्या वेळी खोकला आला तो थांबेचना. सॅक्स गळ्यात लटकलेला, हात गुडघ्यांवर. दि.ने रेकॉर्डिंग बंद केलं नव्हतं, तो खोकला सगळा स्पीकरवर. मीच उठून आवाज कमी केला.

एकवीस साली कोविडमध्ये तो अठरा दिवस ऑक्सिजनवर होता. फुप्फुसं पूर्ण भरून आली नाहीतच. दोन वर्षं पेटी उघडली नव्हती त्याने. मीच म्हटलं होतं, उघड. मीच.

निघताना : “थंडीमुळं होऊन राहिलं. पुढच्या वेळी पाहजो.”

दि. आणि मी दोघंही “हो हो” म्हणालो. फार पटकन म्हणालो.


१२ नोव्हें.

दि.चा फोन, सकाळी. आधी इकडचं तिकडचं. मग, “नंदू, एक आयडिया आहे. ओरडू नको.”

त्याच्याकडे ८८च्या गॅदरिंगची कॅसेट आहे. त्यातला मि.चा एकेक सुटा सूर त्याने उचललाय आणि कीबोर्डच्या पट्ट्यांवर मांडलाय. पट्टी दाबली की तिशीही न गाठलेला मि. वाजतो. मी फक्त ती लांब ओळ वाजवायची.

“तूच का नाही वाजवत?”

“मला तो पाठ नाही. तुला आहे.”

“आणि त्याला काय सांगायचं?”

“काही नाही. त्याचेच तुकडे जोडले म्हणायचं. खोटं कुठे आहे यार? सूर तर त्याचेच आहेत.”

फोन ठेवला. नाही म्हणाले नाही, हे आता लिहिताना लक्षात येतंय.


१३ नोव्हें.

नाही म्हणायला दि.ला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला नाही.


१६ नोव्हें., रविवार

मि.ला आज सुट्टी सांगितली होती. दि. म्हणाला तसं.

जुनी निळी वही शोधली आधी घरात. त्यात ‘अजनी यार्ड’ माझ्या हाताने लिहिलेलं आहे, आणि मि. जिथे जिथे श्वास घेतो तिथे पेन्सिलने छोटा स्वल्पविराम. तिथे मलाही हात उचलावा लागे, म्हणून. कामाच्या कमलाबाईंनी दिवाळीच्या साफसफाईत कुठे ठेवली कोण जाणे. सापडली नाही. म्हटलं, पाठच तर आहे.

पट्टी दाबली आणि तो आला. तोच आवाज, कडेला थोडा खरखरीत, सुपारी कातरल्यासारखा. पहिला टेक वाया. दुसऱ्यात… कसं लिहू. वाजवत नव्हते, कोणीतरी आत वाजवत होतं. तो जिथे श्वास घेई तिथे मी हात उचलला. सूर सुरू होण्याआधीचा तो नाकातला ‘सूं’सुद्धा दि.ने कॅसेटवरून काढून पुढे चिकटवला.

संपलं तेव्हा दि.च्या डोळ्यांत पाणी. माझ्याही. परत येताना काटोल नाक्यापर्यंत मी खूश होते. खूश! मग नाही.


१९ नोव्हें.

सिस्टर अ‍ॅग्नेस दुसऱ्या मुलीच्या वहीतून उतरवलेली गणितं बघायच्या आणि काहीही न बोलता वही परत द्यायच्या. आज दिवसभर त्यांचा तो हात डोळ्यांपुढे.


२३ नोव्हें., रविवार

मि.ने ऐकलं.

उभ्यानेच ऐकलं, हात मागे बांधून, फोमच्या भिंतीकडे तोंड करून. मला फक्त पाठ दिसत होती. लांब ओळ सुरू झाली तेव्हा खांदे हळूच वर गेले. आपोआप. ओळ संपेपर्यंत तसेच.

मग वळला. “हे मी वाजवलं?”

दि. : “तूच. मी फक्त तुकडे जोडले.”

माझ्याकडे बघितलं त्याने. मी मान हलवली. वर खाली. एकदा.

“दम आहे म्हंजे अजून,” म्हणाला. आणि हसला, आणि त्याला तर्री-पोहे हवे झाले, आणि आम्ही तिघं चौकात जाऊन खाल्ले, आणि त्याने दोनदा तर्री मागून घेतली. “घरी सुजाताले सांगू नका.”

इतक्या आनंदात मी त्याला कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. हेच तर हवं होतं ना. मग घास का फिरत होता तोंडात?


२७ नोव्हें.

अल्बम बाहेर येईल त्याच दिवशी कार्यक्रम. १७ जानेवारी, शनिवार. माझ्या शाळेच्या हॉलमध्ये. तिथला पियानो अजून आहे म्हणे. मी हॉलचं बघायचं कबूल करून बसले.

दि. हळूच : “लाइव्हला ‘अजनी यार्ड’ नको ठेवायला.”

मि.ला फोन झाला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य : “अजनी यार्डनं सुरुवात करू. रेकॉर्डवर आहे तशीच वाजवतो, एक सूर इकडचा तिकडं नाही.”

दि.ला कळवलं. तो : “मग ट्रॅक लावू. तो तोंडाला लावून उभा राहील.”

“मिलिंद? नुसता उभा?”

“बघू,” म्हणून दि.ने फोन ठेवला.


१ डिसेंबर

दि.चा फोन नाही. मीही केला नाही.


४ डिसें.

सुजाताचा फोन, दुपारी. मि.ची बायको कधी आपणहून फोन करत नाही.

“ताई, तुम्ही सांगा न त्यायले. माह्यं तं ऐकून नाही राहिले.”

रोज दोन तास गच्चीवर जातो. कानात फोन, फोनमध्ये तो ट्रॅक, हातात सॅक्स. ती एकच ओळ. वाजवतो, थांबतो, पुन्हा मागे नेतो. शेजारचे लोक विचारतात. काल जिन्यात बसून राहिला होता, वर जाववेना आणि खालीही येववेना. बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावलं तर शहाऐंशी.

“डॉक्टरांना विचारलं का?”

“डॉक्टरनं तं तवाच सांगतलं होतं, फुंकाचं काम नाही आता. पण हे म्हणतात, डॉक्टरले काय समजते, रेकॉर्डवर वाजवलं न मी? मंग?”

मग. मी काय बोलले आठवत नाही. काळजी घ्या, असलं काहीतरी. काळजी घ्या!


५ डिसें.

दि.ला सगळं सांगितलं. शहाऐंशीही सांगितलं. म्हणतो, “रुक थोडं. सोडेल आपणहून. त्याला जमणार नाही, मग सोडेल.”

तो सोडणारा माणूस असता तर आपण सदतीस वर्षांनी इथे जमलो असतो का. हे म्हटलं नाही. आता म्हणतेय.


६ डिसें.

आज मि. घरच्यांबरोबर दीक्षाभूमीवर. म्हणजे आज तरी गच्ची नाही. एक दिवस मिळाला. मला, की त्याला.


७ डिसें., रविवार

कळमेश्वर रद्द केलं. मि.चाच फोन आला. आवाज खोल गेलेला, वाक्य तोडत तोडत.

“नंदू, एक सांग. त्या लांब ओळीत… सातव्या वळणानंतर… मी श्वास कुठं घेतला?”

“म्हणजे?”

“सापडून नाही राहिला वं. बाकी सगळे सापडले. पहिला, दुसरा, समदे. इथं नाहीच. ऐकतो, ऐकतो, ओळ चालूच आहे. कसा घेतला असन मी? नाकातून चोरून घेतला का? आबा घ्यायचे तसा. पण मले तं ते कधी जमलंच नाही.”

मी हेडफोन शोधायला लागले.

“तू आयकून पाहा. तुले माहीत असते माह्यं.”

ऐकलं. हेडफोन लावून, डोळे मिटून. सहा वेळा.

नाही. तिथे श्वास नाहीच. मी हात उचललाच नाही तिथे.


८ डिसें.

निळी वही सापडली. गाद्यांच्या कपाटात, जुन्या पडद्यांखाली. सातव्या वळणानंतर स्वल्पविराम आहे. पेन्सिलीचा, फिकट, पण आहे. बाजूला माझ्याच अक्षरात ‘मोठा’ असंही लिहिलेलं. मोठा श्वास. तिथे तो सगळ्यात मोठा श्वास घ्यायचा आणि त्याच्या जोरावर शेवटपर्यंत जायचा.

मला बोटं आहेत, बोटांना श्वास लागत नाही. मी वाहत गेले आणि निघून गेले पुढे. आणि तो गच्चीवर उभा राहून, माझ्या चुकीत आपला श्वास शोधतोय.

उद्या जाते.


९ डिसें.

गेले नाही. पित्त झालं म्हणून पडून होते. पित्त वगैरे काही नाही.


१० डिसें., बुधवार

इंदोऱ्याला, मि.च्या घरी गेले. दुपारी तीन. आत्ता साडेसहा. जसं झालं तसं लिहिते.

मि. पलंगावर उशीला टेकून. दाढी वाढलेली. समोर कागद, त्यावर ओळीला आडव्या रेघा, श्वासांच्या जागी टिंबं. सातव्यानंतर प्रश्नचिन्ह. सुजाता चहा टाकायला आत गेली.

“बस. सापडला?”

“मिलिंद, तू नाही घेतलास श्वास तिथे. ते तू नाहीसच. ते मी आहे.”

कळलं नाही त्याला. “तू म्हंजे?”

सांगितलं. कॅसेट, पट्ट्या, सोळा तारखेची सुट्टी, सगळं. वहीही दाखवली. तो वहीच बघत राहिला, स्वल्पविरामावर बोट ठेवून. आत भांड्यांचा आवाज थांबला, म्हणजे सुजाता ऐकत होती.

“दिल्याले माहीत होतं?”

“त्याचीच कल्पना.”

“आन् वाजवलं तू.”

“हो.”

बाहेर कोणीतरी पाण्याची मोटर लावली.

“म्हंजे पंधरा दिवस झाले मी माह्याच मागं पळून राहिलो. आन् तो मी नव्हतोच.”

मी रडले नाही. रडायचा हक्क तिथे माझा नव्हता. सुजाताने चहा आणला, माझा कप जरा जोरात ठेवला. बरोबरच आहे तिचं.

“चांगलं वाजवलं,” मि. म्हणाला. शिवी दिली असती तर बरं.

दारात चप्पल घालत होते तेव्हा आतून आवाज आला. वाकलेच होते, तशीच थांबले.

“माह्यासारखं काहून वाजवलं वं? तुह्यासारखं वाजवाचं होतं.”


११ डिसें.

दि.ला सांगितलं, सांगून टाकलं म्हणून. चिडला. “महिनाअखेर अल्बम द्यायचाय आणि तू…” मग, “कसा आहे तो?”

माहीत नाही कसा आहे.


१३ डिसें.

काही नाही.


१४ डिसें., रविवार

कळमेश्वर नाही. कोणीच कोणाला विचारलं नाही.

त्याचं ते वाक्य. माझ्यासारखं म्हणजे कसं? तेव्हाही मी त्याच्या मागूनच वाजवलं, आताही, त्याने सोडलेल्या जागेत. मध्ये वीस वर्षं शाळेत प्रार्थनेला हार्मोनियम. माझ्यासारखं असं काही आहे का?

कीबोर्ड उघडला. बंद केला.


१६ डिसें.

सुजाताला मेसेज : ‘तब्येत कशी?’ उत्तर : ‘९३. गच्ची बंद.’ एवढंच. पण उत्तर दिलं तिने.


१८ डिसें., गुरुवार

मि.चा मेसेज. टाइप करायचा त्याला कंटाळा, म्हणून बोललेला. चार सेकंदांचा.

“रविवारी येतो. दिल्याले सांग, टिकटिक बंद ठेवजो.”

अकरा वेळा ऐकला. आवाजावरून राग आहे की नाही कळत नाही.


२१ डिसें., रविवार

नीट लिहायचं ठरवलंय.

मि. सुजाताबरोबर आला, तिच्या पर्समध्ये बोटाचं मशीन. दि. दारात उभा, हात खिशात, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखा. “मिल्या, सॉरी यार…”

“सॉरी ठेव तुह्या लॅपटॉपात. गरज पडली का वाजवजो.”

सुजाता फिसकन हसली. ती हसली म्हणून मग आम्ही.

मि.ची अट एकच. ती त्याने सुतळी सोडता सोडता सांगितली. “लांब ओळ मी सुरू करतो. दम आहे तोवर मी. संपला का तू. आन् माह्या आवाजात नाही, पियानोत.”

“पण कधी संपेल हे मला कसं कळणार?”

“खांदे पाहा.”

दि. मध्ये पडला. क्लिक नाही तर त्याचे लेअर कशावर बसणार? फोमच्या मशीनचा स्वर, रूळ, ते सगळं कोण सांभाळणार?

“हातानं वाजव न. बटणं कशाले आहेत? तूबी खांदे पाहा.”

दि.ला आयुष्यात पहिल्यांदा घाबरलेला पाहिला. खुर्ची ओढून मि.च्या समोर बसला, पाटी मांडीवर, बोटं बटणांवर तरंगत. लॅपटॉप मागे. मी उजवीकडे. सुजाता काचेपलीकडे, उभीच.

पहिल्या वेळी मी घाई केली. चौथ्या वळणावर त्याचा स्वर जरासा कापला आणि मी शिरले. त्याने सॅक्स खाली केला.

“एवढी काय घाई? मेलो नाही अजून.”

दुसऱ्या वेळी उलट. त्या बोलण्याने मी अशी थिजले की त्याचा दम संपला तरी हात हलेना. तो माझ्याकडे बघतोय, चेहरा लाल, स्वर बारीक होत होत तुटला, आणि नुसती शांतता. दि.च्या रुळांचा खडखडाट तेवढा. मग खोकला. सुजाता आत आली, बोटाला मशीन लावलं. एकोणनव्वद. तिने माझ्याकडे बघितलं तेवढंच.

अर्धा तास थांबलो. मि. डोळे मिटून बसला होता. दि.ने गरम पाणी आणलं. मला वाटलं आता तो पेटी बांधेल, आणि देवा, मनातून मला तेच हवं होतं.

“चला,” म्हणाला.

खांदे वर गेले. तो नाकातला ‘सूं’ आला, कॅसेटचा नाही, आजचा, ओलसर, जुना. खाली यायला लागले आणि दि.चं बोट पडलं, बरोबर पडलं. खालून ते मोठं झोपलेलं काहीतरी जागं झालं. मि. वाजवायला लागला. सावकाश. पूर्वी इंजिन धावायचं, आज ते थांबत थांबत, डबे मोजत निघाल्यासारखं. पाच. सहा. सातवं वळण, आणि खांदे हलले. मला वाटलं, संपलं. हात उचलला. बोट पट्टीवर टेकलंही असेल. खांदे वर जात होते. वर. वर. तो मोठा श्वास होता. स्वल्पविरामावरचा.

मी हात मागे घेतला.

त्या श्वासावर तो आणखी थोडं गेला. पूर्वीइतकं नाही. मग खांदे पुन्हा उठले नाहीत, नुसते उतरले, आणि मी वाजवलं. काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही. त्याच्यासारखं नव्हतं.

संपल्यावर दि.ने आधी मि.कडे पाहिलं, मग लॅपटॉपकडे. “झालंय रेकॉर्ड.”

ऐकलं चौघांनी. दि. म्हणाला, प्रामाणिकपणे म्हणाला, “पहिलं जास्त स्वच्छ होतं.”

मि. : “होतं न. ठेव तुह्याजवळ. अल्बमवर हे जाईन.”

मशीन : नव्वद. सुजाता दोनदा लावून बघते.

“आन् हॉलमध्येबी असंच,” मि. म्हणाला.

“डॉक्टरले इचारल्याबिगर नाही,” सुजाता. आवाज चढवला नाही तिने. “वाजवा. पण आधी इचारा. त्यायनं नाही म्हटलं तं नाही.”

त्याने मान हलवली. हो की नाही कळलं नाही. तिलाही नाही.


२३ डिसें.

डॉक्टरांची वेळ ३० तारखेची, मंगळवारी सकाळी. आधी श्वासाची चाचणी, मग सांगतील.

दि.ने अल्बम बांधला. विचारत होता, ‘अजनी यार्ड’च्या सुरुवातीचा तो श्वासाचा आवाज काढायचा का, सगळे काढतात. म्हटलं, हात लावू नको.


२५ डिसें.

शाळेत जाऊन हॉल पाहिला. पियानोच्या चार पट्ट्या मुक्या, त्यात एक मला लागणारी. दुरुस्त करणारा माणूस जबलपूरहून यायचा, आता येत नाही म्हणे. मग कीबोर्डच नेईन.

स्टेजवर मि. कुठे उभा राहील ते पायाने मापून पाहिलं. माझ्या जागेवरून त्याचे खांदे दिसले पाहिजेत. दोनदा जागा बदलली. शिपाई म्हणाला, “मॅडम, अजून तीन हप्ते आहेत न.”


२८ डिसें., रविवार

आज कळमेश्वर नाही. मंगळवारपर्यंत कोणीच काही ठरवत नाही.

एकवीस तारखेचं रेकॉर्ड लावून सराव करायला बसले. उपयोग नाही. रेकॉर्डमध्ये तो दरवेळी त्याच जागी संपतो. मला आता ती जागा पाठ झालीय, आणि पाठ झाली तीच तर चूक होती. हॉलमध्ये तो कुठे संपेल, तिसऱ्या वळणावर की नवव्या, की त्या दिवशी स्टेजवर येईल की नाही, हे अजून कोणाला माहीत नाही. मंगळवारी डॉक्टर काहीतरी सांगतील. मग तो काय ऐकेल, ते वेगळंच.

फोन बंद केला. हात पट्ट्यांवर ठेवून नुसती बसले. समोरच्या खुर्चीवर त्याला धरलं, खांद्यांसकट.

कमलाबाई झाडता झाडता दारात थांबल्या. “ताई, आज वाजवून नाही राहिल्या?”

“वाजवतेय.”

“आवाज तं नाही येऊन राहिला.”

“माझी पाळी नाही आली अजून,” म्हटलं.